हौशी पलटणीचा हिवाळा

मानकोली नाक्यावर उड्डाणपुलाच्या सावलीत एक बाई वालाच्या शेंगा घेऊन बसते. मार्गशीर्ष लागला की येते आणि माघ सरला की दिसेनाशी होते. तिच्या मागे गोदामांची रांग, पुढे कंटेनरांची रांग, मध्ये गोणपाटावर हिरव्या शेंगांचा ढीग. मी काल्हेरहून रिक्षाने भिवंडीला जाताना मुद्दाम तिथे उतरते. शेंगा हाताळल्या की बोटांना तो चिकट, उग्र वास लागतो. साबणाने धुतला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. पुष्कळांना तो सोसत नाही, ढेकणाचा वास म्हणून नाक मुरडतात. मला तो एकाहत्तरच्या हिवाळ्याचा वास वाटतो.

यंदा शेंगांची पिशवी हातात होती आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. ट्रकांच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून एका खांबाच्या आडोशाला गेले.

"तुळशीराम जॉबरांच्या कन्या का आपण?" पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "मी त्यांच्या पलटणीतला. निवृत्त सुभेदार. मी फार नंतर भरती झालो, त्यांना पाहिलेलं नाही. पण पलटणीचा इतिहास छापतोय आम्ही. लढाईच्या काळातला. वडिलांचा एखादा फोटो असेल तर पाठवा. आणि काही आठवण असेल तर तीही."

तुळशीराम जॉबरांची कन्या. किती वर्षांनी कुणी मला असं म्हटलं होतं. शाळेत मी बाई होते, सोसायटीत काकू आहे, आणि निवृत्त झाल्यापासून बँकेत ज्येष्ठ नागरिक. त्या माणसाने एका वाक्यात मला पुन्हा दहा वर्षांची केलं.

बाबांची पलटण म्हणजे पायदळाची पलटण, पण पोटापाण्याची फौज नव्हे. आपापली नोकरी, धंदा, शेती सांभाळून राजीखुशीने नाव घातलेल्या माणसांची ती पलटण. वर्षातून दोन महिने कवायतीला जायचं, बंदूक चालवायला शिकायचं आणि परत येऊन आपल्या कामाला लागायचं. लढाई लागली तर मात्र हुकूम येईल तेव्हा हजर व्हायचं. तिच्यात शिंपी होते, एसटीचे कंडक्टर होते, कारकून होते, एक न्हावी होता आणि भिवंडीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांतले चार-पाच जण होते. गावात सगळे तिला हौशी पलटण म्हणत. बाबा उन्हाळ्यात मान करपवून परत आले की नाक्यावरची माणसं विचारत, "काय तुळशीराम, किती वैरी मारलेस औंदा?" बाबा हसत. खाकी गणवेश धुऊन, पितळी तांब्यात निखारे घालून त्याने इस्त्री करत आणि ट्रंकेत ठेवून देत. आई त्या ट्रंकेला कधी हात लावत नसे.

"एवढा सोस कनाला?" असं तिने एकदा माझ्यादेखत विचारलं होतं. बाबा म्हणाले, "कारखान्यात दिवसभर लूमचा पट्टा नि मी. तिकडं मना वाटतं, मी कुनीतरी हाय." आई चुलीकडे वळली. मला ते उत्तर तेव्हा कळलं नव्हतं. पुढे तीस वर्षं चौथीच्या वर्गावर उभी राहिले, तेव्हा थोडंथोडं कळलं.

बाबांबरोबर पलटणीत इब्राहिमचाचा होते. भिवंडीच्या जुन्या मोहल्ल्यातले, पिढ्यान् पिढ्या इथलेच. दोघेही एकाच कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम ठीक करणारे. भरतीच्या रांगेत पुढेमागे उभे होते, तेव्हापासून त्यांची दोस्ती. चाचांची बायको जुबेदाचाची. आई भाजीची पाटी घेऊन बाजाराला गेली की तिच्याकडे पाणी प्यायला थांबायची. आदल्या वर्षी भिवंडीत हिंदू-मुसलमान दंगल झाली, त्यानंतर पुष्कळांचं असं थांबणं बंद पडलं होतं. आईचंही मध्ये काही महिने बंद होतं. मग एक दिवस ती पाटी घेऊन पूर्वीसारखी त्या गल्लीत शिरली आणि पुन्हा थांबायला लागली. त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही, पण गावात लोक बोलले.

त्या साली भात कापून झालं होतं. भारे खळ्यावर आले होते, झोडणी राहिली होती, आणि पलटणीचा हुकूम आला. हजर व्हा. बाबांनी ट्रंक उघडली. खळ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला म्हणाले, "वाल टाकून घे. ओल हाय तवर." लढाईला निघालेल्या माणसाचं बोलणं एवढंच. नाक्यावर इब्राहिमचाचा आधीच येऊन थांबले होते. दोघे एसटीत चढले. चाचांनी खिडकीतून हात हलवला, बाबांनी मात्र मागे वळून पाहिलं नाही. मला राग आला होता. आता वाटतं, वळून पाहिलं असतं तर उतरले असते.

भाताचं शेत रिकामं झालं की त्याच ओलीवर वाल येतो. वरून पाणी द्यावं लागत नाही. पहाटेचं दव पुरतं. आई आणि मी दोघींनी मिळून टाकला. कार्तिकातच वेल हातभर झाले, मार्गशीर्षात जांभळी-पांढरी फुलं आली. सकाळी शाळेत जाताना बांधावरून गेलं की परकर दवाने गुडघ्यापर्यंत ओला व्हायचा आणि फुलांचा गोडसर वास आणि खाडीकडून येणारा खारट चिखलाचा वास एकमेकांत मिसळायचे. आजही डोळे मिटले तर तो मिसळलेला वास येतो. त्या जागी आता निळ्या पत्र्याचं गोदाम आहे. आम्हीच विकली जमीन, तक्रार कुणाबद्दल करायची?

मग लढाई सुरू झाली. शाळेत गुरुजींनी काचांना काळे कागद चिकटवले. मधल्या सुट्टीनंतर भोंग्याची तालीम व्हायची. भोंगा म्हणजे गुरुजीच तोंडाने आवाज काढायचे. आम्ही बाकाखाली शिरायचो, दातांत रुमाल धरायचा, कानांत बोटं घालायची. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मला हसू यायचं नाही. बाकाखालच्या त्या अंधारात मला वाटायचं, बाबांना कुठलं बाक मिळालं असेल?

बाबांची तोपर्यंत दोन पत्रं आली होती. ती मीच आईला वाचून दाखवली होती, कारण आईला अक्षरओळख नव्हती. राजस्थानात कुठेतरी होते. वाळू, थंडी आणि एक रेल्वेचा पूल. त्या पुलावर पहारा. दोन्ही पत्रांच्या शेवटी त्यांनी शेताबद्दल एक ओळ लिहिली होती, पहिल्यात भात किती झालं असं विचारलं होतं आणि दुसऱ्यात वाल किती वर आला असं. आई त्या ओळीची वाट बघायची. ती ऐकली की ती उठायची आणि कामाला लागायची.

लढाई सुरू होऊन काही दिवस झाले होते. एका सकाळी आई मेथीच्या जुड्या आणि कोवळ्या शेंगा घेऊन बाजाराला गेली. दुपारी परत यायची, ती दिवस कलताना आली. पाटी डोक्यावर जशी नेली तशीच भरलेली. मेथी पार सुकून गेली होती.

"विकली न्हाय?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक नव्हतं," ती म्हणाली. पाटी उतरवून ती ओट्यावर बसली आणि मला जवळ घेतलं. इतक्या जोराने, की तिच्या मण्यांच्या माळेची खूण माझ्या गालावर उमटली. मला वाटलं, थकली असेल.

दोनच दिवसांनी पत्र आलं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी धावत गेले. पत्र फोडलं आणि तिथेच उभी राहिले. खाली नाव बाबांचं होतं, पण अक्षर बाबांचं नव्हतं. बाबांचं अक्षर तिरकं, प्रत्येक शब्दावर तुटक रेघ. हे अक्षर गोल होतं आणि साऱ्या शब्दांवर मिळून एकच लांब रेघ ओढलेली होती, पट्टीने ओढावी तशी. 'मी खुशाल आहे. काम फार असल्याने पत्र लवकर येणार नाही. काळजी नसावी.' एवढंच. शेताबद्दल एक शब्द नाही.

बाबा लिहीत का नाहीत? दहा वर्षांच्या डोक्यात याचं एकच उत्तर आलं. लिहायला ते नाहीतच. कुणीतरी दुसऱ्याने आम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलंय.

आई चुलीपुढे बसली होती. "वाच," म्हणाली. मी वाचलं. आवाज कापू नये म्हणून हळू वाचलं. मजकूर संपला आणि ती तशीच थांबून राहिली, त्या शेवटच्या ओळीसाठी. मी कागदाकडे बघत म्हणाले, "वालाला पानी दिऊ नका. दवावर वाढू द्या."

आईने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

पाच आठवडे मी ते खोटं सांभाळलं. पत्र दप्तरात लपवलं, कारण आईने ते कुणा शेजाऱ्याला दाखवलं तर तो म्हणेल, हे तुळशीरामचं अक्षर नाही. मध्ये लढाई थांबली. नाक्यावर पेढे वाटले. गुरुजींनी काचांवरचे कागद फाडले आणि वर्गात एकदम इतकं ऊन आलं की सगळ्यांनी डोळे बारीक केले. मी पेढा हातात धरून उभी होते. पेढा खाल्ला तर बाबा मेले असं काहीतरी मनात आलं. नाक्यावरच्या कुत्र्याला देऊन टाकला.

आई मात्र स्वस्थ होती. शेंगा तोडत होती, वाळवत होती, बाजाराला जात होती. तिची मला कीव यायची. तिला काही माहीत नाही, असं वाटायचं. रोज शाळेतून येताना बांधावरून घर दिसलं की मी दार बघायची. दारात माणसं जमलेली नाहीत ना? नाहीत. मग पुढे जायची.

माघात वाल वाळून काळपट झाला होता. आई आणि मी वेल उपटत होतो. दुपारची एसटी नाक्यावर थांबल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने बांधावरून एक माणूस येताना दिसला. खाकी कपडे, खांद्यावर पडशी, उजवा हात गळ्यात बांधलेला. चालण्यावरून ओळखलं मी. बाबा उजव्या पायावर जरा जास्त भार देत चालत. मी किंचाळत धावले. कशी धावले ते आठवत नाही, तोंडात माती गेल्याचं आठवतं, म्हणजे पडले असणार. बाबांनी डाव्या हाताने उचललं. त्यांच्या शर्टाला औषधाचा वास होता. मी रडत होते आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अगं हाय ना मी. हाय ना."

आई वेल हातात घेऊन तशीच उभी. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने विचारलं, "जेवलाव?"

"न्हाय."

"चला मंग."

त्या हिवाळ्यातलं माझ्या कानात राहिलेलं सगळ्यात सुंदर बोलणं ते.

उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली होती. अंगठ्याशेजारची दोन्ही. मालगाडीच्या डब्याची कडी निसटली, बाबांनी सांगितलं. त्यामुळे लिहिता येत नव्हतं. मग ते अक्षर कुणाचं? इब्राहिमचं. इतकं सोपं होतं ते सगळं. मी दप्तरातून पत्र काढलं, पत्र्याच्या डब्यात ठेवलं, आणि त्या दिवसापासून रात्री गाढ झोपायला लागले. एक काटा तेवढा राहिला. मी आईला फसवलं होतं. तिच्या तोंडावर खोटी ओळ वाचली होती. ती गेली त्या दिवसापर्यंत मला ते कबूल करता आलं नाही.

पलटणीने बाबांना घरी पाठवलं, पण कारखान्याच्या शेठनी कामावर ठेवून घेतलं. बाबा डाव्या हाताने पाना धरायला शिकले. शर्टाची बटणं मात्र वर्षभर मी लावत होते, सकाळी शाळेत जाण्याआधी. भिवंडीत बोटं गेलेला माणूस दिसला की लोक समजून घेतात, लूममध्ये गेली. उत्तरेकडून आलेले नवे कामगार बाबांना दाखवून एकमेकांना सांगायचे, "संभल के, देखो जॉबर का हाथ." बाबा त्यांची समजूत कधी दुरुस्त करत नसत. पुढची वीस वर्षं त्यांची आणि इब्राहिमचाचांची शिफ्ट कायम एकच. बाबांची बदलली की चाचा आपली बदलून घेत. मी त्याला दोस्ती म्हणत होते, आणि ती दोस्ती होतीही.

तर यंदा सुभेदारांनी मोबाइलवर इतिहासाची कच्ची पानं पाठवली. चष्मा पुसून मी ती वाचली. पलटण कशी उभी राहिली, आधीच्या लढाईत तिने कुठे पहारे दिले, मग आमचा हिवाळा. अशा पलटणीचा इतिहास वाचताना गंमत वाटते. त्यात फारसं काही घडतच नाही. तेलाच्या टाक्या राखल्या, त्या पेटल्या नाहीत. तारा राखल्या, त्या तुटल्या नाहीत. पूल राखला, गाड्या जात राहिल्या. आणि मग ती ओळ: 'शत्रूच्या विमानांच्या माऱ्यात मालगाडीचा एक डबा पेटला. पूल सुरक्षित राहिला. एक जवान किरकोळ जखमी.'

किरकोळ. मला त्या शब्दाचा इतका राग आला की फोन उलटा करून ठेवला. वर्षभर लावलेली बटणं आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इब्राहिमचाचांकडे गेले. त्या दिवशी नक्की काय झालं, ते सांगणारं तेवढंच एक माणूस उरलं आहे.

चाचांनी ऐंशी ओलांडली आहे. जुबेदाचाची जाऊन बरीच वर्षं झाली. घराखाली अजून लूम चालतात, त्यामुळे जमीन सतत थरथरते आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणीसुद्धा. खिडकीशी खुर्चीत चाचा बसलेले असतात. त्यांची सून शबाना चहा ठेवून गेली. मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली आणि म्हटलं, "चाचा, किरकोळ म्हणजे काय? हे बदलून घेऊ या. त्या दिवशी काय झालं, सगळं सांगा मला. मी लिहून देते."

चाचांनी चहाचा कप दूर सारला. मग म्हणाले, "सगळं सांगू? बेटी, सगळं ऐकून तू या घरात परत येशील का, ते मला ठाऊक नाय."

मला वाटलं, वयाने बोलतायत. पण त्यांचे हात खुर्चीवर घट्ट आवळलेले होते.

"सकाळची वेळ होती," त्यांनी सुरुवात केली. "गाडी पुलावर होती. विमानं आली, गेली, आणि मागचा डबा पेटला. त्याच्या पुढच्या डब्यांत दारूगोळा. ते उडाले असते तर पूल नाय, आमी नाय, कायच नाय. पेटलेला डबा सोडवायचा आणि बाकीची गाडी पुढं न्यायची, एवढाच मार्ग. तुझा बाप म्हणाला, कडी मी काढतो. जॉबरचा हात, लोखंडाची भीती नाय. मी बाजूला उभा राहिलो, झेंडी घेऊन. त्यानं ओरडून सांगायचं, मग मी ड्रायव्हरला झेंडी दाखवायची. ठरलं होतं तसं."

 खाली लूम खडखडत होते.

"आग, धूर, माणसं ओरडतायत. मला वाटलं तो ओरडला. खुदा की कसम, मला ऐकू आलं. मी झेंडी दाखवली. कडी निघाली होती, पण त्याचा हात अजून आत होता." चाचा माझ्याकडे बघत नव्हते. "माझ्या हातून गेली त्याची बोटं. कडी निसटली नाय. मी घाई केली."

 खरं सांगायचं तर एक क्षण माझ्या मनात त्यांच्याबद्दल काहीतरी फार कठीण आलं. बाबांचा तो सकाळचा हात, बटणांच्या भोकांशी झगडणारा. बायकोने नव्हे, मुलीने बटणं लावायची म्हणून लाजणारे त्यांचे डोळे. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले.

"मी साहेबांना सांगायला निघालो होतो," चाचा म्हणाले. "तुळशीनं डाव्या हातानं माझी कॉलर धरली. रक्त वाहतंय आणि हा मला म्हणतो, 'इब्राहिम, कडी निसटली. समजलं? आपल्याकडं ही गोष्ट गेली तं कुनी इचारनार न्हाय, घाईत झालं का कसं. लोक काय म्हनतील, तुला ठाव हाय.' बेटी, मागच्या वर्षीची राख अजून गरम होती तेव्हा. कुणीही फुंकर मारली असती. त्यानं साहेबांना तेच सांगितलं, कडी निसटली. आणि मरेपर्यंत तेच सांगितलं."

"आणि पत्र तुम्ही लिहिलंत."

"त्यानं सांगितलं ते लिहिलं. त्या दिवशी दोन पत्रं लिहिली मी. दुसरं जुबेदाला. त्यात सगळं लिहिलं. म्हटलं, वहिनीला तूच सांग, माझ्या हातून झालं ते. तिला बाहेरून कळू नये. तिनं तुझ्या आईला वाचून दाखवलं. जुबेदा सांगायची, वहिनी दिवसभर इथंच बसून राहिली, ह्या खोलीत. भाजीची पाटी दाराशी. रडली नाय, बोलली नाय. दिवस कलायला लागला तेव्हा उठली आणि म्हणाली, 'जीव हाय ना त्याचा? मंग हे आपल्या दोघींत राहू दे.' मग जुबेदाचा हात धरला तिनं. बस."

मी विचारलं, "म्हणजे माझ्याकडे पत्र आलं, त्याच्या आधीच आईला माहीत होतं?"

"जुबेदा सांगायची, दोन दिवस आधी."

मला एकदम हसू यायला लागलं. चाचा घाबरून बघायला लागले, आणि मग मला रडूही आलं. मी त्यांना ती ओळ सांगितली. वालाला पाणी देऊ नका. दहा वर्षांची मी, आवाज कापू नये म्हणून जपणारी, आणि समोर आई, जिला सगळं ठाऊक होतं. बाबा जिवंत आहेत हे ठाऊक होतं, बोटं गेली हे ठाऊक होतं, आणि पोरगी आपल्याला सांभाळायला खोटं वाचते आहे, हेही त्या क्षणी कळलं असणार. 'बरं,' म्हणाली होती. माझ्या खोट्याला तिने जागा दिली होती. पन्नासाहून जास्त वर्षं मी जिची अपराधी होते, तिची फसवणूक झालीच नव्हती. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात, ते असं असतं तर. खरोखरच श्वास खोलवर गेला, आणि मला लक्षात आलं की इतकी वर्षं तो तिथपर्यंत जात नव्हता.

"आणि बाबांना ठाऊक होतं? आईला माहीत आहे म्हणून?"

"कधीच नाय!" चाचा पहिल्यांदा हसले. "तो शेवटपर्यंत मला बजावायचा, वहिनीला कळू देऊ नको. आणि वहिनी जुबेदाला बजावायची, त्यांना कळू देऊ नको की मला माहीत हाय."

घरात आम्ही तिघंच. तिघांनीही एकमेकांना जपण्यात अख्खा हिवाळा घालवला होता.

मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले. म्हटलं, "चाचा, झेंडी दाखवायला उशीर झाला असता तर?"

"तर आज तू मला विचारायला नसतीस आली. मी पण नसतो, तो पण नसता."

"मग?"

"मग काय? हे मी मला रोज सांगतो. पण सांगणारा मीच, ऐकणारा पण मीच. त्यानं काय होतं?"

"आता मी सांगते," मी म्हटलं. "बाबांना दोन बोटं जाऊन पुढची तीस वर्षं मिळाली. मला बाबा मिळाले. ते तुमच्या घाईमुळे मिळाले."

चाचांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "लिही. सगळं लिही. माझं नाव घालून."

मी कचरले. आजही या गावात एखादी गोष्ट मोबाइलवरून कशी कुठे पोचेल सांगता येत नाही. बाबांनी ज्या भयाने तोंड मिटून घेतलं, ते भय काही जुन्या काळाबरोबर निघून गेलेलं नाही. मी तसं बोलून दाखवलं. चाचा म्हणाले, "म्हणूनच पूर्ण लिही. अर्धी गोष्ट वाईट असते. बोटं कशी गेली ते लिहिलंस, तर तुळशीनं माझी कॉलर धरली, ते पण लिही."

त्यांनी सांगितलं आणि मी वहीत लिहिलं. त्यांनी दोनदा दुरुस्ती केली. एकदा म्हणाले, आग मागच्या डब्याला होती, पुढच्या नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, 'शूर' हा शब्द काढ, आमी दोघं घाबरलो होतो. मग मी तिथूनच सुभेदारांना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. 

"ताई," सुभेदार म्हणाले, "आमच्या पुस्तकात पूल राहिला एवढंच आहे. कुणामुळे राहिला ते नव्हतं. दोघांची नावं घालतो. जसं सांगितलंत तसंच छापतो. आणि तो किरकोळ शब्द काढून टाकतो."

मी फोन ठेवला आणि हे सगळं चाचांना सांगायला वळले. त्यांची मान खांद्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. मी वाकून जवळ गेले. मग छातीचं वरखाली होणं दिसलं, आणि बारीक घोरणं ऐकू आलं. शबाना कप न्यायला आली आणि दारातच थबकली.

"झोपले?" ती कुजबुजली. "ताई, ह्या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली. दिवसा डोळा लागलेला मी ह्यांचा कधी बघितला नाही."

तिने पुढे होऊन त्यांच्या पायांवर चादर घातली. आम्ही दोघी पाय न वाजवता बाहेर आलो आणि तिने दार हळूच लोटून घेतलं.